आक्कांच्या दाराची आतली बाजू

आक्का, आधी माझी तक्रार ऐकून घ्या. जावाजावांच्या भांडणाच्या मधोमध उठून जाणं तुमच्या रीतीत बसणारं नव्हतं. बोलायची पाळी माझी होती. वाक्य जुळवून ठेवलं होतं. शाळेतून परतताना काटेवाडी मागं टाकल्यावर स्कूटीवर मी ते हातवारे करून मोठ्यानं म्हणूनही बघितलं. बाजूनं चाललेला ट्रॅक्टरवाला गाणं बंद करून माझ्याकडं बघत राहिला, एवढं ते जमलं होतं. घरी आले तर अंगणात माणसं, आणि तुम्ही निघून गेलेल्या.

दहाव्याला सगळ्यांनी मलाच पुढं केलं. "मालन बोलेल. तिला बोलायची सवय हाय." खरंच आहे. गावातली लग्नं, साखर कारखान्यातलं मोळीपूजन, शाळेचं स्नेहसंमेलन, जिथं माईक तिथं मी. त्या दिवशी मात्र उभी राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. लोकांना वाटलं, बाई दुःखानं गप्प झाली. दुःख तर होतंच. पण खरं कारण वेगळं होतं. माझ्या सगळ्या नकलांना, सगळ्या गप्पांना एक खूण असायची. गंमत संपली की तुमचा हात माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मधे, धपकन पडायचा आणि तुम्ही म्हणायच्या, "गप गं नटवे!" त्या धपाट्याशिवाय मला माझं बोलणं संपलं की नाही तेच कळत नाही. म्हणून लिहायला बसले आहे. कागदावर निदान पूर्णविराम तरी देता येतो.

आपलं भांडण एका खुणेवरून होतं. तुम्ही तिला 'सातिया' म्हणायच्या. मी शिक्षिका असल्यामुळं 'स्वस्तिक' म्हणायची. चार रेघा, चार वाकणं, चार ठिपके. चातुर्मासात तुम्ही ते रोज काढायच्या, आणि चातुर्मास संपला तरी हात थांबायचा नाही. धान्याच्या कोठीवर, देव्हाऱ्याच्या पाटावर, नव्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, दुधाच्या कॅनवर. एकदा तर बोअर घ्यायच्या जागेवर तुम्ही इतकं मोठं काढलंत, की गाडीवाला ओलांडून पुढं जाईना. म्हणाला, "बाई, यावर मशीन कसं उभं करू?" तुम्ही म्हणालात, "मग कशापायी काढलंय? कर हुबं."

भांडणाची सुरुवात मात्र हसण्यातून झाली. आठवतंय ना ते नाटक? मी शाळेसाठी एकांकिका लिहिली होती. जर्मनीतला एक पाववाला आपल्या ज्यू शेजाऱ्याचं पोर पिठाच्या पोत्यांमागं लपवतो आणि सैनिक झडती घ्यायला येतात. सैनिकांच्या दंडावरच्या पट्ट्या आणि एक झेंडा शिवायचं काम तुमच्याकडं दिलं, कारण आपल्या दोन्ही घरांत शिलाई मशीन तुमचंच. नमुना म्हणून चित्र दिलं. तुम्ही चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"हे कुनी काढलंय? तिरकं हाय."

"तसंच असतं ते, आक्का."

"ठिपकंबी न्हाईत. काढनाऱ्याला लई घाई हुती."

मी हसले आणि विसरले. प्रयोगाच्या दिवशी पिशवी उघडली, तर सगळी चिन्हं सरळ केलेली, चारी ठिपके जागच्या जागी, कडेनं पिवळी गोट, आणि प्रत्येक पट्टीवर हळदीकुंकवाचं बोट! नवं कापड असं रिकामं बाहेर कसं धाडायचं, हा तुमचा हिशेब. बदलायला वेळ नव्हता. पडदा वर गेला. पाववाला थरथरतोय. बूट आपटत सैनिक आले, झेंडा उलगडला, आणि पहिल्या रांगेतल्या बायांनी पटापट हात कपाळाला लावले. मागून कुणीतरी आरोळी ठोकली, "मंगलमूर्ती!" आणि आमचे क्रूर सैनिक, रोज प्रार्थनेला उभी राहणारी गुणी पोरं ती, एका सुरात ओरडली, "मोरया!" पाववाल्यानंही हात जोडले. पोत्यांमागचं पोर बाहेर डोकावून बघायला लागलं. मी विंगेत पदर तोंडात कोंबून बसले. तुम्ही मात्र मनापासून टाळ्या वाजवत होता. नंतर म्हणालात, "कसलं गुनी दिसलं गं तुझं सैनिक! त्यास्नी वाईट म्हनवत न्हाय."

परतताना स्कूटीवर मागं बसून तुम्ही विचारलंत, "पर आपलं सातिया तिकडं गेलं कसं?"

आक्का, तुमच्या प्रश्नांनी मला जितकं वाचायला लावलं तितकं माझ्या बी.एड.नं लावलं नाही. मी शोधत राहिले आणि शेंगा फोडताना, वाल सोलताना तुम्हाला सांगत राहिले. 'स्वस्ति' म्हणजे बरं असो. एवढाच त्या शब्दाचा जीव. जैनांच्या देवळात तांदळानं काढतात आणि वर तीन ठिपके नि चंद्रकोर देतात. बुद्धाच्या मूर्तीच्या छातीवर ते असतं. दूरच्या देशांतल्या जुन्या मडक्यांवरही असतं, ज्यांना आपलं नावसुद्धा ठाऊक नव्हतं अशा लोकांच्या. मग एका जर्मन माणसानं फार जुन्या शहराचा ढिगारा उकरला. त्यात भांड्यांवर ही खूण निघाली. तो हरखला, लोक हरखले. शुभेच्छांच्या कार्डांवर लोक हौसेनं छापायला लागले. त्यातल्या काहींनी मात्र ठरवलं, ही आपल्या थोर पूर्वजांची खूण आणि तेवढे आपण श्रेष्ठ. पुढं तो टीचभर मिशीचा आला. त्यानं ती काळी केली, तिरकी केली, पांढऱ्या गोलात बसवली आणि माणसं मारायला निघाला.

तुम्ही शेंगा फोडता फोडता म्हणालात, "म्हंजी मडक्यावरनं उचललं आन् झेंड्यावर लावलं."

एवढंच. मग म्हणालात, "दानं बघ, किडकं येत्यात."

मी तुम्हाला एक दिलासाही आणून दिला होता. कुठंतरी ऐकलं, की त्यांचं उलट्या दिशेचं आणि आपलं सुलट. मी खूश झाले. मग नीट पडताळलं, तर ते खोटं निघालं. वाकणं त्याच दिशेला. फरक फक्त तिरकेपणाचा नि ठिपक्यांचा. तो दिलासा परत घ्यायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरं झालं सांगितलंस. मी चार बायांस्नी तेच सांगत बसले असते."

तोवर ही सगळी गंमत होती. मग नितीनला मुलगी झाली आणि तुम्ही जर्मनीला गेलात.

नितीन तुमचा एकुलता एक. बारामती एमआयडीसीत मोटारसायकलवरून नोकरीला जायचा तो तिकडं गेला, सूनही तिकडचीच नोकरी करणारी. ईशाच्या बारशाच्या दिवशी सकाळी तुम्ही त्यांच्या फ्लॅटच्या दारावर, बाहेरून, ओल्या कुंकवानं सातिया काढलं. आपल्याकडं बारशाला दार उघडं-बोडकं ठेवतात का? समोरच्या दारातून एक म्हातारी टोपली घेऊन बाहेर आली. बघितलं आणि जिन्यातच खाली बसली. तुम्ही धावलात, तिचे हात हातात घेतलेत. तिनं तुमची लाल बोटं पाहिली आणि हात ओढून घेतले. नितीन बाहेर आला. त्या देशात ही खूण उघड्यावर दाखवायला कायद्यानं मनाई. पूजेचं वेगळं धरतात म्हणे, पण जिन्यात उभं राहून ते कोण कुणाला समजावणार? त्यानं हाताला लागलं ते उचललं आणि दार पुसून काढलं. हाताला लागलं होतं पायपुसणं.

परत आल्यावर तुम्ही मला दोनच गोष्टी सांगितल्यात. "पायपुसन्यानं पुसलं गं त्यानं. मला म्हनला असता, तर मी पदरानं पुसलं असतं." आणि दुसरी, "तिच्या हाताला काय गारठा आला हुता, नटवे. मेलेल्या मानसाचा असतो तसला."

आणि त्यानंतर तुम्ही आपल्या दारावर सातिया काढलं नाही. अंगणात रांगोळी होती, गोपद्मं होती, कमळ होतं. दाराची फळी कोरी. दिवाळीतही कोरी. सगळ्या भावकीनं एकच अर्थ लावला: आई पोरावर रुसली. जिथं त्यानं पुसलं, तिथून हिनं हात उचलला.

मला राग आला होता तो तुमचा नव्हता, त्या मिशीवाल्याचा होता. आपण का लपायचं? मी टोमणे मारायची. "आक्का, तो काटेवाडीपर्यंत आला का? का बारामतीलाच उतरला?" तुम्ही पीठ चाळत राहायच्या. फार झालं की म्हणायच्या, "तू तुझं दार बघ." म्हणून मी माझ्या दारावर तुमच्यापेक्षा मोठं काढायला लागले. तुम्ही येता-जाता बघायच्या आणि म्हणायच्या, "वरचा ठिपका बसक्या नाकासारखा झालाय." म्हणजे खुणेवर राग नव्हता. मग कशावर होता? हेच मला कळत नव्हतं, आणि न कळणं मला पचत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मजा घेत होता का हो माझी?

तर ते जुळवून ठेवलेलं वाक्य असं होतं: "चोरानं आपली घागर नेली आणि तिच्यात विष कालवलं, म्हणून आपण जन्मभर पाण्याला रिकाम्या हातानं जायचं का?"

ते ऐकायला तुम्ही थांबला नाहीत.

नितीन एकटाच आला. ईशाला ताप होता, सून मागं राहिली. राख सावडून झाल्यावर तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. चहा निवून गेला. मग तुमच्या दाराकडं न बघता म्हणाला, "काकी, आई माझ्यावर रुसूनच गेली ना? शेवटपर्यंत दारावर काढलं नाही तिनं."

आक्का, मला जगातली कुठलीही गोष्ट रंगवून सांगता येते. 'नाही रे बाळा' एवढं रंगवणं काय अवघड होतं? पण मला खरं माहीत नव्हतं. आणि तुमच्याबद्दल खोटं बोलायला जीभ वळेना. मी म्हणाले, "मला ठाऊक नाही, नितीन." तो मान हलवून उठला. त्या दिवसापासून तो तुमच्या घरात वावरायचा, पण पुढच्या दारानं जायचा नाही. परसातल्या दारानं ये-जा.

सुतक फिटायच्या आदल्या दिवशी आम्ही तुमचं घर धुवायला काढलं. आपल्याकडं पुढचं दार दिवसभर उघडंच. आत ढकलून भिंतीला टेकवलं की रात्रीपर्यंत कुणी हलवत नाही. मी झाडू घेऊन दारामागं गेले. जळमटं निघेनात, म्हणून दार भिंतीपासून ओढलं आणि भर दुपारी लावून घेतलं.

दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या तोंडासमोर, सातिया होतं.

एक नव्हे, एकावर एक. कुंकवाचे थर चढून चढून रेघा फुगून वर आल्या होत्या, बोट फिरवलं तर हाताला लागत होत्या. चारी ठिपके डाळीएवढे टपोरे झालेले. रोज रात्री दार लावून तुम्ही काढत होता! मी शेजारच्या घरात राहून तुमच्या कोऱ्या फळीवर टोमणे मारत होते, आणि ही बाजू दिवसभर भिंतीकडं तोंड करून उभी होती.

"नितीन!" मी ओरडले. माझा आवाज तुम्हाला माहीत आहेच. तो बादली घेऊन धावत आला, त्याला वाटलं साप निघाला.

बादली हातातच राहिली. तो बघत होता. मग त्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला, ओले होते म्हणून. शर्टाला पुसले आणि मग टेकवले.

"आत का काढलं असेल रे? बाहेर का नाही?" मी विचारलं. मला रडायच्या आधी कळायला हवं होतं. माझा स्वभावच तसला.

मग त्यानंच विचारलं, "काकी, आई दुपारी व्हिडिओ कॉल कुठं बसून करायची?"

"उंबऱ्यावर. दाराला टेकून. दुसरीकडं रेंज कुठं येते?"

"आणि दार?"

"उघडं. पाठीमागं दार..." आणि मी थांबले. उघड्या दाराची बाहेरची बाजूच तुमच्या पाठीमागं यायची. फोनमध्ये तुमच्या मागं तीच दिसायची.

"ईशाला दिवसा समोरच्या आजी सांभाळतात," नितीन म्हणाला. "हेल्गा. कॉलवर ईशाच्या शेजारी त्याच असायच्या."

ही गोष्ट तुम्ही मला कधी सांगितली नाहीत. मी दुपारी शाळेत. घरी येईपर्यंत तुमच्या गप्पा आटोपलेल्या.

मग नितीननं उरलेलं सांगितलं. त्या बारशानंतर हेल्गाबाई स्वतः केक घेऊन आली होती. लहान असताना ही खूण दंडावर लावलेली माणसं तिच्या घराचा जिना चढून आली आणि तिच्या ज्यू बापाला घेऊन गेली. तो परत आला नाही. नितीननं तिला आपल्याकडचा अर्थ समजावला, तिनं शांतपणे ऐकून घेतला. आणि म्हणाली, "मला डोक्याला कळतं. पायांना कळत नाही. त्यांना अजून जिन्यावरचे बूट ऐकू येतात." तुम्ही नितीनकडून ते पुन्हा दोनदा वदवून घेतलंत. मग तिच्या ताटलीत बारशाच्या घुगऱ्या वाढल्यात.

मी त्याला पायपुसण्याचं सांगितलं. पदरानं पुसलं असतं म्हणालात तेही. तो रडता रडता हसायला लागला. "ते होय? ते तर तिनं मला विमानतळापर्यंत ऐकवलं. सुरक्षा तपासणीच्या रांगेतून मागं वळून ओरडली, 'पायपुसनं येगळं ठेवत जा!'"

त्या दुपारी पुढचं दार त्यानंच उघडलं, आणि तिथूनच बाहेर गेला.

पण आक्का, भांडण संपलं असं समजू नका. मी त्या बंद दारासमोर उभी राहून माझं घागरीचं वाक्य तुम्हाला ऐकवलं. पूर्ण, हातवाऱ्यांसकट. त्यातला माल मला अजून खरा वाटतो. तुमच्यासारख्या भल्या बायांनी सातिया दारामागं नेलं, तर पुढची बाजू कायमची त्या मिशीवाल्याला मिळाली की! पण हेही खरं, की ते वाक्य मी जगाला म्हणत होते आणि तुम्ही एका बाईच्या पायांचा विचार करत होता. दोन्ही एकाच दारावर कसं मावायचं?

दुसऱ्या दिवशी सुतक फिटलं. भावकी जमली. बापूतात्यांनी, आपल्या घरातले आता तेच थोरले, दारात पाऊल टाकतानाच विचारलं, "दार कोरं का हाय? घर सुतकातनं उठलं न्हाय का अजून?"

नितीन म्हणाला, "तात्या, आईनं आतल्या बाजूला काढलंय. राहू द्या. आज बाहेर नको. आत्ता कॉल येणार आहे, हेल्गा आजींना दोन शब्द बोलायचेत."

"आतल्या अंगाला कुनाचं मंगल, उंदरांचं? अरं, आयच्या दाराचा मान हाय तो!"

"आणि आईनं जे जपलं त्याचा मान?"

आवाज चढले. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी करंड्यातलं कुंकू कालवलं आणि दाराच्या बाहेरच्या बाजूला सातिया काढलं, तुमच्या जागेवर. चांगलं मोठं. ठिपके नीट दिले, बसक्या नाकाचे नाहीत. तात्यांचा चेहरा खुलला, नितीनचा पडला. तेवढ्यात फोन वाजला.

मी दार आत ढकललं. साडीचा पांढरट पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, उंबऱ्यावर तुमच्या जागी बसले आणि त्या ओल्या कुंकवावर पाठ टेकवली.

"काकी, साडी!" नितीन म्हणाला.

"दे इकडं फोन."

भावकीनं आ वासला. आक्का, मला सांगा, एवढं साधं तुम्हाला कसं सुचलं नाही? पण कसं सुचणार? तुम्ही उसाच्या कांडीएवढ्या. तुमच्या पाठीआडून अख्खं दार दिसायचं. मला देवानं हा विस्तार कशासाठी दिला, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. माझ्या पाठीआड सातियाच काय, तुमचा देव्हाराही झाकला असता.

फोनमध्ये ईशा होती, ताप उतरलेली. तिच्या शेजारी पांढऱ्या केसांची बारीकशी म्हातारी. तिनं माझ्याकडं बघितलं, मागच्या दाराकडं बघितलं, आणि हळूहळू काही बोलली. नितीननं सांगितलं, "त्या म्हणतायत, त्या जागेवर कुणीतरी बसलंय हे बघून बरं वाटलं."

मी नुसती हात जोडून बसले. तिनंही जोडले. तुम्हीच शिकवलेले दिसत होते, अंगठे छातीला लावून. जन्मात पहिल्यांदा मी इतका वेळ न हलता बसले. हलले असते तर दार दिसलं असतं.

फोन बंद झाल्यावर तात्या म्हणाले, "झालं का तुझं नाटक?" आणि पंगतीला जाऊन बसले. वाढताना सगळे माझ्याकडं बघून हसत होते. मला वाटलं, फोनवर गप्प बसले म्हणून हसतायत. संध्याकाळी पदर सोडला तेव्हा कळलं. पाठीच्या जागी लख्ख लाल सातिया उमटलं होतं. दारावरून अंगावर आलेलं, म्हणून उलट्या दिशेचं. चार ठिपके शाबूत. त्या अवतारात मी दिवसभर लाडू वाढत फिरले, आणि एकानंही सांगितलं नाही!

आरशात पाठ बघताना मी हसत सुटले, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं, ते कुठं उमटलंय. दोन खांद्यांच्या बरोबर मधे. जिथं तुमचा धपाटा पडायचा तिथं.

झाली माझी गंमत सांगून.